मीठ-साखरेच्या पाण्यात साखर कशासाठी?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांचे शिबिर होते. 'पेशी' हा विषय माझ्याकडे होता. फळ्यावर पेशीची आकृती काढून केंद्रक, तंतुकणिका वगैरे नावे देऊन झाली. एवढ्यात मागच्या बाकावरून एका शिक्षिकेने विचारले, "सर, जरा वेगळा प्रश्न आहे. जुलाब झाले की मीठ-साखरेचे पाणी द्या, असे आम्ही मुलांना शिकवतो. अंगातले मीठ जाते म्हणून मीठ द्यायचे, हे समजते. पण साखर कशासाठी?"

बाकीच्यांनीच उत्तरे दिली. कोणी म्हणाले, शक्ती येते. कोणी म्हणाले, नुसते खारट पाणी मूल पिणार नाही. बाईंचे समाधान झाले नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या एका मुलीचा धाकटा भाऊ आजारी होता. तिची आजी म्हणते, पाणी पाजले की तसेच बाहेर पडते, मग पाजायचे कशाला? त्या मुलीने मला विचारले. तिला मी काय सांगायचे?"

हा प्रश्न वेगळा नव्हताच. त्याचे उत्तर फळ्यावरच होते, पण मी घाईने काढलेल्या एका रेघेत. पेशी काढताना आपण सर्वांत आधी बाहेरची रेघ ओढतो, तिला 'पेशीपटल' असे नाव देतो आणि आतल्या गोष्टींकडे वळतो. पुस्तकात तिच्याबद्दल 'निवडक्षम पारपटल' एवढा एक शब्द असतो. ही निवड करते कोण आणि कशी, हे मात्र राहूनच जाते. आज त्या रेघेकडेच पाहू.

भिंत नव्हे, पापुद्रा

पेशीपटल म्हणजे पेशीची भिंत, असे मुलांच्या मनात बसते. वनस्पतींना पेशीभित्तिका वेगळी असते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पटल मुळात भिंतीसारखे घट्ट नाहीच. तो तेलासारख्या पदार्थाचा अत्यंत पातळ पापुद्रा आहे. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर भरते. असे दोन लाख पापुद्रे एकावर एक रचले, तर जेमतेम एक मिलिमीटर उंची होईल.

हा पापुद्रा मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचा बनलेला असतो. प्रत्येक रेणूला एक डोके आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडते. शेपट्या मेदाम्लांच्या असल्याने त्यांना पाण्याचे वावडे असते. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन थरांत उभे राहतात. डोकी बाहेर पाण्याकडे आणि शेपट्या आत एकमेकींकडे. कोणी त्यांना जोडत नाही, चिकटवत नाही. तेल पाण्यापासून दूर राहते, तेवढ्याच कारणाने हा दुहेरी थर टिकतो.

रेणू एकमेकांना जोडलेले नाहीत, याचा अर्थ ते हलू शकतात. प्रत्येक रेणू आपल्या थरात सतत जागा बदलत असतो. जीवाणूच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला त्याला एखाददुसरा सेकंद पुरतो. मात्र एका थरातून उलटून समोरच्या थरात जाणे त्याला फार अवघड असते, कारण त्यासाठी पाणी आवडणारे डोके तेलातून ओढून न्यावे लागते. आपोआप असे घडायला तास किंवा दिवसही लागतात. म्हणजे हा द्रव विचित्र आहे. आडवा वाहतो, उभा वाहत नाही.

हे कळले कसे?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा पापुद्रा कोणी पाहिलेला नव्हता. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. १८९०च्या दशकात झुरिचमध्ये ओव्हरटन यांनी वनस्पतिपेशींवर शेकडो पदार्थ तपासले. जे पदार्थ तेलात सहज विरघळतात ते पेशीत चटकन शिरतात, असे त्यांना आढळले. त्यावरून पेशीचे आवरण तेलासारखे असावे, असा तर्क त्यांनी केला.

१९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते, तंतुकणिका नसतात. त्यामुळे तिच्यातले सगळे मेद बाहेरच्या पटलाचे, असे धरता येते. हे मेद त्यांनी अ‍ॅसिटोनने काढून पाण्यावर पसरवले. त्या एकेरी थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठफळाच्या दुप्पट भरले. म्हणजे पटलात मेदाचे दोन थर असणार!

गंमत अशी, की या प्रयोगात दोन चुका होत्या. सगळा मेद बाहेर निघालाच नव्हता आणि पेशीचे पृष्ठफळही त्यांनी कमी धरले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींची भरपाई केली आणि उत्तर बरोबर आले. वर्गात प्रयोगाचे उत्तर 'बरोबर' आले की आपण पुढे जातो. ते का बरोबर आले, हेही कधी तरी विचारावे, यासाठी हे उदाहरण मुलांना जरूर सांगा.

पण या थरात प्रथिने कोठे असतात? १९३५ साली डॅनिएली आणि डेव्हसन यांनी असे चित्र मांडले, की मध्ये मेद आणि दोन्ही अंगांना प्रथिनांचे लेप असतात. सँडविचचे हे चित्र पुढे अनेक वर्षे पुस्तकांत राहिले. त्याला मोठा धक्का दिला तो १९७० साली अमेरिकेत फ्राय आणि एडिडिन यांच्या प्रयोगाने. त्यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी विषाणूच्या मदतीने एकत्र जुळवली. उंदराच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना एका रंगाची आणि माणसाच्या प्रथिनांना दुसऱ्या रंगाची चकाकणारी खूण लावली होती. सुरुवातीला जोडपेशीचा अर्धा भाग एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या रंगाचा दिसला. ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळून गेले. पेशीची ऊर्जानिर्मिती बंद पाडली तरी ते मिसळले. तापमान १५ अंशांच्या खाली नेल्यावर मात्र ते जवळजवळ थांबले. म्हणजे प्रथिनांना कोणी ढकलत नव्हते. ती द्रवात तरंगत होती आणि द्रव थिजला की थांबत होती.

१९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी हे सारे एकत्र करून 'फ्लुइड मोझाइक' प्रतिकृती मांडली. मोझाइकची फरशी आपल्या परिचयाची आहे. तिच्यात सिमेंटमध्ये रंगीत खडे बसवलेले असतात. पेशीपटलातही मेदाच्या थरात प्रथिनांचे खडे असतात. फरक एवढाच, की इथले 'सिमेंट' कधीच सुकत नाही.

पातळपणा राखावा लागतो

थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजते. शेजारचे शेंगदाण्याचे तेल पातळच राहते. दोन्ही तेलेच, मग असे का? खोबरेलातील बहुतेक मेदाम्ले संपृक्त असतात. त्यांच्या साखळ्या सरळ असल्याने, एका जुडीत बांधलेल्या काड्यांप्रमाणे त्या दाटीने बसतात. खोबरेल २४ अंशांच्या सुमारासच घट्ट होते. शेंगदाण्याच्या तेलात असंपृक्त मेदाम्ले जास्त असतात. दुहेरी बंधापाशी त्यांची साखळी वाकलेली असते. वाकड्या काड्यांची जुडी घट्ट बांधता येत नाही, म्हणून ते तेल थंडीतही वाहते.

पेशी नेमकी हीच युक्ती वापरते. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू कमी तापमानात वाढवला तर तो आपल्या पटलात असंपृक्त मेदाम्ले वाढवतो. उष्ण तापमानात संपृक्त वाढवतो. १९७४ साली सिनेन्स्की यांनी दाखवले, की १५ अंशांना वाढलेल्या आणि ४३ अंशांना वाढलेल्या जीवाणूंच्या पटलांचा पातळपणा, त्या त्या तापमानाला मोजल्यास, जवळजवळ सारखाच असतो. थंड पाण्यातले मासेही असेच करतात.

ज्यांना हा बदल पुरेसा जमत नाही, त्यांचे काय होते हे केळ्यात दिसते. उष्ण प्रदेशातले हे फळ फ्रिजमध्ये ठेवले की साल काळी पडते. थंडीने त्याच्या पेशींतली पटले बिघडतात, एरवी वेगळे असणारे पदार्थ एकत्र येतात आणि काळपट रंग तयार होतो.

प्राण्यांच्या पटलात या कामाला आणखी एक मदतनीस असतो, तो म्हणजे कोलेस्टेरॉल. उष्णतेत तो शेपट्यांची फार हालचाल होऊ देत नाही आणि थंडीत त्यांना दाटीने बसू देत नाही. हे नाव मुलांनी फक्त हृदयविकाराच्या संदर्भात ऐकलेले असते. त्याच्याशिवाय आपल्या पेशींचे पटल धड राहणार नाही, हेही त्यांना कळावे.

तेलातले रहिवासी

मेदाचा हा थर आतले पाणी आणि बाहेरचे पाणी यांना वेगळे ठेवतो, एवढेच त्याचे कर्तृत्व. सोडियमसारखा विद्युतभारित आयन किंवा ग्लुकोजचा रेणू त्यातून जवळजवळ जाऊच शकत नाही. नेमके कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, हे प्रथिने ठरवतात. आपल्या शरीरातल्या प्रथिनांच्या प्रकारांपैकी सुमारे पाव प्रकार कोठल्या ना कोठल्या पटलात असतात.

ही प्रथिने पटलाला कशी धरून आहेत, यावरून त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट पटलात रुतलेल्या प्रथिनांचा. यातली बहुतेक या बाजूकडून त्या बाजूपर्यंत आरपार जातात. पटलाच्या आत असलेला त्यांचा भाग तेलाशी जमणाऱ्या अमिनो आम्लांचा असतो आणि बहुधा मळसूत्रासारखा गुंडाळलेला असतो. पटलाचा तेलकट गाभा सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा आहे. मळसूत्रात एका अमिनो आम्लामागे लांबी ०.१५ नॅनोमीटरने वाढते. मग आरपार जायला किती अमिनो आम्ले लागतील? मुलांना भागाकार करू द्या. उत्तर २० येते, आणि प्रत्यक्षातही साधारण तेवढीच आढळतात. काही प्रथिने पटल एकदाच ओलांडतात, काही सात वेळा, काही बारा किंवा त्याहून अधिक वेळा आतबाहेर विणलेली असतात. त्यांना सोडवायचे तर साबणासारखा पदार्थ घालून पटलच मोडावे लागते.

दुसरा गट पृष्ठभागावर टेकलेल्या प्रथिनांचा. ती तेलात शिरत नाहीत. रुतलेल्या प्रथिनांना किंवा मेदाच्या डोक्यांना बाहेरून चिकटतात. क्षारांचे प्रमाण किंवा आम्लता बदलली तरी ती सुटून येतात. तांबड्या पेशीच्या पटलाखाली असलेले स्पेक्ट्रिनचे जाळे हे याचे चांगले उदाहरण. त्या जाळ्यामुळे पेशी आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून दबून जाते आणि पुन्हा पूर्ववत होते.

तिसऱ्या गटातली प्रथिने स्वतः पाण्यातच असतात, पण त्यांना मेदाची एक शेपटी जोडलेली असते. ती शेपटी पटलात खोचलेली असते. नांगर टाकून उभ्या राहिलेल्या होडीसारखी ही प्रथिने असतात. मात्र त्यांचा नांगरच द्रवात असल्याने होडी पटलावरून इकडेतिकडे फिरू शकते.

कामावरून पाहिले तर मार्ग, वाहक, पंप, संदेश घेणारे ग्राही आणि विकरे असे प्रकार होतात. ही यादी पाठ करण्यापेक्षा हे सगळे एकाच ठिकाणी काम करताना पाहणे बरे. त्यासाठी त्या आजारी मुलाच्या आतड्यात जाऊ.

कॉलऱ्याचे विष काय करते?

कॉलऱ्यात आतड्याचे अस्तर सोलून निघते आणि त्यातून पाणी गळते, असा पूर्वी समज होता. भिंत पडली की पाणी येणारच! १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवले, की जीवाणू नसले तरी त्यांनी द्रावणात सोडलेल्या विषानेही सशाच्या आतड्यात पाणी साचते. पुढे रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासले, तेव्हा अस्तर शाबूत आढळले. म्हणजे भिंत पडलेली नाही. दार उघडे राहिले आहे.

हे घडते असे. विषाच्या रेणूला पाच 'हात' असतात. पेशीच्या बाहेरच्या थरातील शर्करा जोडलेल्या एका मेदाला ते पकडतात. पटल द्रव असल्यामुळे असे मेद सरकत येऊन पाचही हातांत सापडू शकतात. मग विषाचा एक भाग आत जातो आणि शेपटीने खोचलेल्या 'जी' प्रथिनात असा बदल करतो, की ते कायमचे चालू अवस्थेत अडकते. हे प्रथिन पटलाच्या आतल्या अंगाने फिरत एका रुतलेल्या विकराला गाठते आणि त्याला कामाला लावते. ते विकर 'सायक्लिक एएमपी' हा निरोप्या रेणू भराभर तयार करते. त्या निरोपाने पटलातला क्लोराइडचा मार्ग उघडतो. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जातो, पाठोपाठ सोडियम जातो आणि त्यांच्यामागे पाणी जाते. तीव्र कॉलऱ्यात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. त्याच निरोपाने मीठ शोषून घेण्याचा नेहमीचा रस्ताही मंदावतो. म्हणून अशा वेळी नुसते मिठाचे पाणी पाजले तर ते फारसे आत जात नाही.

आजीचे निरीक्षण अगदीच चुकीचे नव्हते. चूक होती ती निष्कर्षात.

साखरेचे काम

आतड्याच्या पेशीला दोन अंगे असतात. एक पोकळीकडचे, दुसरे रक्ताकडचे. रक्ताकडच्या अंगाला सोडियम-पोटॅशियम पंप असतात. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली या पंपाचा शोध लावला आणि त्यासाठी १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा पंप ऊर्जा खर्चून दर फेरीला तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम नेहमी कमी असते आणि पोकळीतले सोडियम आत यायला उत्सुक असते.

पोकळीकडच्या अंगाला एक वाहक प्रथिन असते. त्याची अट अशी, की सोडियमने ग्लुकोजला बरोबर आणले पाहिजे. दोन सोडियम आयन आणि एक ग्लुकोज रेणू बसले की ते आकार बदलते आणि तिघांना आत सोडते. ग्लुकोज नसेल तर सोडियमला या दाराने प्रवेश नाही. सोडियम आणि ग्लुकोज आत गेले की पाणी त्यांच्यामागे जाते. पुढे ग्लुकोज दुसऱ्या एका वाहकातून, ऊर्जा न लागता, रक्तात उतरते.

हे जोडकाम रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडले. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॉलऱ्याचे विष या वाहकाला बिघडवत नाही. एक दार सताड उघडे राहिले आहे आणि ते बंद करणे आपल्या हाती नाही. पण दुसरे दार चालू आहे, आणि त्याची किल्ली म्हणजे साखर.

इथे एक शंका येईल. पटल द्रव असेल तर पंप आणि वाहक सगळीकडे मिसळून का जात नाहीत? तसे झाले तर आत-बाहेर ही दिशाच उरणार नाही. शेजारच्या पेशी एकमेकींना जिथे घट्ट शिवलेल्या असतात, तिथे प्रथिनांना अडवणारा बांध असतो. आपापल्या अंगावर फिरायला मोकळीक, पण बांधापलीकडे नाही. १९७२ नंतरच्या संशोधनाने दाखवले आहे, की पटलात असे बांध, कुंपणे आणि पेशीच्या आतल्या सांगाड्याला बांधलेली प्रथिने बरीच असतात. पटल प्रवाही आहे, पण बेशिस्त नाही.

१९६८ साली ढाक्यात ग्लुकोज-मिठाचे पाणी तोंडावाटे देऊन कॉलऱ्याचे रुग्ण सांभाळता येतात, हे दिसून आले. खरी परीक्षा झाली १९७१ साली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाइन संपत आली. त्यांनी मीठ आणि ग्लुकोजची पाकिटे करून ते पाणी नातेवाइकांना पाजायला लावले. छावण्यांत ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या रुग्णांत ४ टक्क्यांच्याही खाली आले. पुढे १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने सोडियम-ग्लुकोजच्या या जोडवाहतुकीच्या शोधाला शतकातल्या बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीचा मान दिला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. वजने वेगळी असली तरी ग्लुकोजच्या रेणूंची आणि सोडियमच्या आयनांची संख्या सारखी येते. दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आपली साखर म्हणजे ग्लुकोज नव्हे, सुक्रोज. पण तिचे दोन तुकडे करणारे विकरही आतड्याच्या पटलातच रुतलेले असते. मीठ घातलेल्या तांदळाच्या पेजेतल्या पिष्टापासूनही ग्लुकोज सुटते. मात्र 'थोडी जास्त साखर बरी' असे म्हणू नये. जास्त साखर पोकळीतच राहते आणि उलट शरीरातले पाणी ओढून घेते. म्हणून गोड शीतपेये जुलाबात चालत नाहीत.

वर्गात करून पाहण्यासारखे

बिटाच्या सारख्या आकाराच्या फोडी करून, रंग येणे थांबेपर्यंत धुवा. साधे पाणी, ४० अंशांचे, ६० अंशांचे आणि उकळते पाणी अशा चार पेल्यांत त्या दहा मिनिटे ठेवा. थंड पाणी जवळपास स्वच्छ राहते, फार गरम पाणी लाल होते. बिटाचा रंग पेशीतल्या रिक्तिकेत कोंडलेला असतो. उष्णतेने पटले मोडली की तो बाहेर येतो. एक फोड बर्फाच्या कप्प्यात गोठवून मग साध्या पाण्यात टाका आणि काय होते ते मुलांनाच सांगू द्या.

साबणाच्या पाण्यात बांगडी बुडवून उभी धरा. पापुद्र्यावरचे रंग वाहताना दिसतील. कोरडे बोट लावले तर पापुद्रा फुटतो, साबणाच्या पाण्यात भिजवलेले बोट आरपार जाते आणि पापुद्रा त्याच्याभोवती मिटतो. आरपार प्रथिन पटलात कसे बसते, याची कल्पना यावरून येते. मात्र साबणाच्या पापुद्र्यात रेणू उलटे असतात, शेपट्या बाहेर हवेकडे आणि डोकी आत पाण्याकडे, हे सांगायला विसरू नका.

त्या दिवशी शिबिरात फळ्यावरची रेघ पुसून मी ती पुन्हा काढली. या वेळी ती तुटक होती आणि मध्ये मध्ये दारे होती. बाईंना सांगितले, त्या मुलीला एवढे सांगा: "आजी म्हणतात त्यात तथ्य आहे. नुसते पाणी फारसे टिकत नाही. म्हणून तर त्यात मीठ आणि साखर दोन्ही मापाने घालायची आणि घोट घोट पाजत राहायचे. जुलाब लगेच थांबणार नाहीत. पण भाऊ सुकणार नाही. तो पिईनासा झाला किंवा गळून गेला, तर मात्र तडक दवाखाना गाठायचा."